पाहुणे वक्ते घरचेच

सोलापुरात एका संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात मी शिकवते. बारावी झालेली, पदवी अर्धवट सुटलेली, नाहीतर पदवी हातात असूनही घरी बसलेली मुलं-मुली आमच्याकडे येतात. कॉम्प्युटर, हिशेबाचं काम, जुजबी इंग्रजी आणि नोकरी कशी शोधायची, एवढं आम्ही काही महिन्यांत शिकवतो. कुणी करमाळ्याकडचं असतं, कुणी वैरागचं, कुणी शहराच्याच पूर्व भागातलं, घरी तेलुगू बोलणारं. आमचा वर्ग चादरीच्या एका दुकानाच्या वर आहे. खाली गिऱ्हाईकाला चादर झटकून दाखवली की वर पुढच्या बाकावरची मुलं शिंकतात. आता त्याची सगळ्यांना सवय झाली आहे.

आमच्या केंद्राचा एक नियम आहे. प्रत्येक बॅचला बाहेरचे पाहुणे बोलवायचे, म्हणजे मुलांना नोकरीचं जग कळतं. आमचे केंद्रप्रमुख माणूस म्हणून फार भले आहेत, पण फोटोच्या बाबतीत कडक. पाहुण्यांच्या मागे बॅनर हवा, हातात तुळशीचं रोप हवं आणि मुलं सरळ बसलेली दिसली पाहिजेत. फोटो संस्थेच्या वरच्या ऑफिसला गेला की त्यांच्या मते मुलांना जग कळलेलं असतं.

पाहुणे आणायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला मी मोठी माणसं गाठायची. एकदा एक निवृत्त अधिकारी आले. त्यांनी स्वतःच्या जन्मापासून सुरुवात केली. ते शाळेत असताना चहा आला, कॉलेजात असताना चहाचे कप परत गेले आणि त्यांना पहिली बढती मिळाली तेव्हा मुलांच्या गावाकडच्या एसट्या सुटायची वेळ झाली. शेवटी ते निवृत्त होण्याच्या आतच आम्हाला त्यांना नारळ द्यावा लागला. शालीसकट दिला, पण दिला.

दुसऱ्या वेळी एक प्रेरणादायी वक्ते आले. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि मुठी आवळून "मी करू शकतो" असं ओरडायला लावलं. मुलं इतकी मन लावून ओरडली, की खालचे दुकानदार हातात मोजपट्टी घेऊन जिना चढून वर आले. त्यांना वाटलं, मारामारी लागली.

प्रत्येक पाहुणे गेल्यावर मी मुलांना विचारायची, "काय कळलं?" वैरागचा एक मुलगा होता, उंच, सडपातळ, बोलायला बिनधास्त. तो म्हणाला, "मॅडम, सर लई मोठे हायत, येवढं कळलं."

मलाही तेवढंच कळलं होतं.

त्याच बॅचमध्ये करकंबची एक मुलगी होती. शहरात मावशीकडे राहायची. वर्गात तिच्याइतकी हुशार दुसरी कुणी नव्हती. बोलणं अगदी बेताचं आणि पुस्तकातल्यासारखं शुद्ध. फक्त राग आला की तिच्या तोंडून करकंब बाहेर पडायचं, आणि राग तिला क्वचित यायचा. ही मुलगी मुलाखतीला जायची आणि तशीच परत यायची. "काय झालं गं?" विचारलं की म्हणायची, "कळवतो म्हणाले, मॅडम." मग कॉम्प्युटरकडे तोंड करून बसायची. तिच्याहून कच्ची मुलं कामाला लागली, ही तिथंच.

तेव्हा माझ्या मनात आलं, की मोठ्या माणसांचं पुरे झालं. मुलांसमोर आता मुलाखतीत टेबलापलीकडे बसणारा माणूस आणला पाहिजे. काय बघून तो माणूस घेतो आणि काय बघून परत पाठवतो, हे त्यालाच विचारावं.

बऱ्याच फोनाफोनीनंतर टॉवेलच्या एका कारखान्यातले अधिकारी यायला तयार झाले. केंद्रप्रमुख इतके खूष झाले, की त्यांनी बॅनर नेहमीपेक्षा मोठा छापला. "मुलाखतीला जाताना" असं ठळक अक्षरांत आणि खाली त्या अधिकाऱ्यांचं नाव. शिवाय वरच्या ऑफिसमधल्या एक मॅडम त्याच दिवशी केंद्र बघायला येणार असंही ठरलं.

आणि त्या दिवशी सकाळी अधिकाऱ्यांचा फोन आला. परदेशी खरेदीदार अचानक कारखान्यात येऊन बसले होते. साहेबांना जागेवरून हलता येणार नव्हतं.

मी केंद्रप्रमुखांना कळवलं. मग ते म्हणाले, "मॅडम, कुणालाही आणा. फक्त मुलाखती घेणारा माणूस पाहिजे. बॅनरवर तसं छापलंय."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरातून बाहेर डोकावले. बाहेरच्या खोलीत मुलाखती घेणारा एक माणूस बनियनवर बसून पेपर वाचत होता.

माझे पती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत. माणसं भरती करणं हेच त्यांचं काम. इतके दिवस मी शहरभर फोन करत फिरले आणि त्यांना एकदाही विचारलं नाही, याचं कारण साधं होतं. ते तेव्हा बोलायचेच नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, मुळातच बोलणं नाही. घरात त्यांचे "हं", "बरं" आणि "मीठ" एवढे तीनच शब्द चालायचे. नातेवाइकांचा फोन आला की "कसे आहात" म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत फोन माझ्या हातात द्यायचे. लग्नाकार्यात गेलो की कूलरजवळची खुर्ची शोधायचे आणि पंगत बसेपर्यंत तिथून उठायचे नाहीत. असा माणूस वर्गापुढे उभा करायचा म्हणजे धाडसच होतं.

पण बॅनर छापून झाला होता.

"अहो, आज सुट्टीच आहे ना तुम्हाला? दुपारी काय करताय?"

"काही नाही."

"मग आमच्या वर्गावर येता? मुलाखतीबद्दल बोलायला?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. ते पेपर खाली ठेवतात तेव्हा गोष्ट गंभीर असते.

"किती मुलं?"

"वर्गभर."

"सगळी बघत बसतात?"

"बोलणाऱ्याकडे बघणारच की."

त्यांनी पंख्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, "शर्ट कोणता घालू?"

याला मी होकार समजले आणि इस्त्री गरम करायला लावली.

स्कूटरवर जाताना माझ्या लक्षात आलं, की ओळख मलाच करून द्यायची आहे. मी मागून ओरडून विचारलं, "अहो, तुमचं पद काय सांगू?"

"मनुष्यबळ विभागाचा उपव्यवस्थापक."

"उपव्यवस्थापक? कधी झालात?"

"झालो की, मागेच."

"मला नाही सांगितलंत!"

"पेढे आणले होते."

सिग्नल लागेपर्यंत मी आठवत राहिले. पेढे आणले होते खरे. माझ्या भाच्याचा दहावीचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता. ते पेढे त्याचेच समजून मी शेजारीपाजारी वाटलेही होते आणि भाच्याचं कौतुकही करून आले होते.

केंद्रावर पोचलो तेव्हा केंद्रप्रमुख स्टुलावर चढून बॅनरवरच्या नावावर पिवळा कागद चिकटवत होते. खाली उतरून त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, वरच्या मॅडम येऊन बसल्यात. घरचे आहेत हे सांगू नका. आम्हाला बाहेरचं कुणी मिळत नाही असं वाटेल. पाहुणे म्हणजे पाहुणे."

मी हो म्हणाले. पतींना कोपऱ्यात नेऊन सांगितलं, "मला मॅडम म्हणायचं. ओळख दाखवायची नाही."

"बरं," ते म्हणाले. ओळख न दाखवणं त्यांना कधीच जड गेलेलं नाही.

मी ओळख करून दिली. मनुष्यबळ क्षेत्रातलं एक अनुभवी व्यक्तिमत्त्व, वगैरे. तुळशीचं रोप दिलं, फोटो निघाला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. मॅडम, तुम्ही मला इथं बोलावलंत, त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे."

लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. मला एकदम हसू फुटलं. मी पटकन शेवटच्या बाकाकडे गेले आणि तोंडाला पदर लावून खोकल्यासारखं केलं.

नमस्कार आणि आभार झाले आणि तिथंच भाषण संपलं. ते नुसते उभे राहिले. मुलं वह्या उघडून बसली होती. खाली कुणीतरी चादर झटकली, पुढच्या बाकावर दोघं शिंकली. केंद्रप्रमुख हातानं "पुढं, पुढं" अशी खूण करायला लागले. वरच्या मॅडमनी घड्याळ पाहिलं.

मग ते म्हणाले, "मला भाषण करता येत नाही. मुलाखत घेता येते. ते टेबल जरा आडवं करा. दोन खुर्च्या द्या."

खुर्च्या मांडल्या गेल्या. एका खुर्चीवर ते बसले आणि बसताक्षणी दुसराच माणूस झाले. पाठ ताठ, हात टेबलावर, चेहऱ्यावर हसू. हे हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. समोरच्याला धीर देणारं, या, बसा म्हणणारं हसू होतं ते. मनात म्हटलं, हे कारखान्यातच ठेवून येतात वाटतं रोज.

"कोण येतंय?"

वैरागचा मुलगा उठला. आला, बसला आणि कुणी काही विचारायच्या आतच "मायसेल्फ" म्हणून इंग्रजीत सुरू झाला. ते मी पाठ करून घेतलेलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आता मराठीत सांगा."

मुलगा अडकला. "मराठीत काय सांगायचं सर?"

"तेच. तुम्ही कोण, काय करता."

"मराठीत पाठ न्हाय केलं."

वर्ग हसला. ते हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. "तुमच्यातली एक कमतरता सांगा."

हे उत्तर त्याला येत होतं. "सर, मला खोटं अजिबात बोलता येत नाही."

"हे खरं आहे?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "न्हाय सर. हे बी पाठ केलंय."

आता वर्ग इतका हसला, की वरच्या मॅडमही हसल्या. हे पाठ करून घेणारी बाई शेवटच्या बाकाजवळ खडूचा डबा उघडत आणि बंद करत उभी होती. पण त्यानंतर तो मुलगा मोकळेपणानं बोलायला लागला. वडिलांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, बाजाराच्या दिवशी तिथं उडणारी झुंबड, उधारी मागायला वडील लाजतात म्हणून हाच कसा जातो, सगळं सांगितलं.

"मुलाखतीत हे का नाही सांगत?"

"ह्यात काय सांगायचं सर? सगळ्यांच्याच घरी काय ना काय असतंय की."

"सगळ्यांच्या घरचं मला कुठं कळतंय, तुम्ही सांगितल्याशिवाय? बायोडेटा दाखवा बघू."

मुलानं कागद पुढे केला. पतींनी पँटचे खिसे चाचपले. टेबलावर पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. तुळशीच्या कुंडीमागे पाहिलं. मला राहवलं नाही.

"अहो, शर्टाच्या खिशात आहे चष्मा!"

सगळा वर्ग मागे वळला. केंद्रप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

मी "सर" म्हणाले असते तरी निभावलं असतं. पण "अहो" एकदा तोंडातून गेलं की कुठल्याही बाईला ते मागे घेता येत नाही. पहिल्या बाकावर पूर्व भागातली एक मुलगी बसायची, घरी तेलुगू बोलणारी, मराठी जपून बोलणारी. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, हे सर तुमचे… सर आहेत का?"

त्यानंतर जो दंगा झाला, तो प्रेरणादायी वक्त्यांनाही जमला नव्हता. पती चष्मा लावून अगदी गंभीरपणे बायोडेटा वाचत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. वरच्या मॅडम केंद्रप्रमुखांना म्हणाल्या, "अहो, मग सांगायचं ना आधी!" आणि बॅनरवरच्या पिवळ्या कागदाकडे बघून पुन्हा हसायला लागल्या.

दंगा शांत झाल्यावर मी करकंबच्या मुलीला म्हटलं, "तू बस आता."

ती आली, नमस्कार करून बसली. मला तिची काळजी होती, पण तिनं छान उत्तरं दिली. काय शिकली, काय येतं, काय येत नाही, सगळं नेमकं आणि थोडक्यात. पती मान डोलावत होते. ही मुलगी त्यांना पसंत पडली होती हे मला लांबून दिसत होतं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सहज, घड्याळ बघत बघत विचारावं तसं विचारलं, "लग्न ठरलंय का? लग्नानंतर नोकरी चालू ठेवणार?"

तिनं हात मांडीवर घेतले.

"सर," ती म्हणाली, "हा प्रश्न तुम्ही आत्ता त्याला नाही विचारला."

"कोणाला?"

तिनं वैरागच्या मुलाकडे बोट दाखवलं. त्यानं दचकून मागे पाहिलं, जसं काही भिंतीकडेच बोट दाखवलं होतं.

"मुलांना… तसं विचारत नाही आम्ही."

"का?"

पतींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. ते म्हणाले, "त्याचं असं आहे, कारखाना माणसाला शिकवतो. सहा महिने जातात शिकवण्यात. मग मुलगी लग्न होऊन गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून."

आणि करकंब बाहेर आलं.

"आन पोरं जात न्हाईत व्हय, सर? आमच्या मावशीच्या शेजारचा पोरगा तुमच्याच एमआयडीसीत लागला. शिकला आन गेला पुण्याला. त्याला कुणी इचारलं हुतं का, पुण्याला कदी जाणार म्हणून? मला दर ठिकाणी हेच इचारत्यात. टायपिंग बघत न्हाईत, हिशेब बघत न्हाईत. लग्न कदी? मला काय म्हाईत कदी! ठरलं की पत्रिका देते म्हणावं!"

बोलून झाल्यावर ती घाबरली. "सॉरी सर," म्हणाली, पुन्हा शुद्ध मराठीत. पण वर्गातल्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या होत्या. "कळवतो म्हणाले" या तिच्या उत्तरामागे काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं मागे वळून मला विचारलं, "मॅडम, तुम्हालापण विचारलं होतं का?"

"विचारलं होतं की," मी म्हणाले. "माझी पहिली नोकरी शाळेतली. तिथं चेअरमन म्हणाले, लग्नानंतर सोडणार नाही हे भावी पतींना विचारलंय का? मी म्हटलं, भावी पती अजून सापडायचेत. ते म्हणाले, मग सापडले की विचारून या."

मुली हसल्या. पती मात्र हसले नाहीत. ते टेबलावरचा कागद इकडून तिकडे सरकवत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "लग्नामुळे नोकरी सोडलेला माणूस बघायचा असेल, तर तो तुमच्यासमोर बसलाय."

मला वाटलं, काहीतरी विनोद करतायत.

"मी पुण्यात होतो," ते वर्गाला सांगायला लागले. "चांगली कंपनी होती. लग्न झालं तेव्हा ह्यांची नोकरी इथं, सोलापुरात, शाळेत. मी शनिवारी यायचो, रविवारी रात्री जायचो. ह्यांना शाळेत मुलं फार मानायची. मी एकदा न्यायला गेलो होतो, तर गेटपर्यंत मुलांचा घोळका सोबत. मला वाटलं, ह्यांना इथून हलवायचं नाही. पुण्यात जाऊन राजीनामा दिला. साहेब म्हणाले, का सोडतोस? मी म्हटलं, बायकोची नोकरी सोलापुरात आहे. साहेब हसले. म्हणाले, अरे, हे उलटं असतं."

मी हातातला खडूचा डबा बाकावर ठेवला.

कारण माझ्या माहितीप्रमाणे त्यांना पुण्याचं पाणी बाधलं होतं. एका शनिवारी ते मोठी बॅग घेऊन आले आणि म्हणाले होते, "तिथलं पाणी सोसत नाही, सोडून आलो." इतकी वर्षं मी सगळ्या नात्यात हेच सांगत आले होते. ह्यांचं पोट नाजूक आहे, पुणं काही मानवलं नाही. कधी चिडले तर तोंडावरही म्हणायची, "लोक कुठं कुठं जाऊन राहतात, तुम्हाला पुण्यात टिकता आलं नाही." ते "हं" म्हणायचे. सासूबाई तर कितीतरी दिवस त्यांना ओव्याचा काढा करून देत होत्या.

"म्हणजे मला तिथं घेताना कुणी विचारलं नव्हतं," पती करकंबच्या मुलीला म्हणाले, "आणि मीच गेलो सोडून. तुझं बरोबर आहे. हा प्रश्न मी विचारतो, कारण माझ्या आधीचे साहेब विचारायचे. दुसरं काही कारण नाही."

"मग पुढं विचारणार का, सर?" तिनं विचारलं. तिची मुलाखत कधीच संपली होती, आता तीच घेत होती.

"बघतो," ते म्हणाले.

"कळवतो म्हणू नका, सर," वैरागचा मुलगा मागून म्हणाला आणि पुन्हा हशा झाला.

त्या दिवशी चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही. एकामागून एक मुलं येऊन खुर्चीत बसत होती. वरच्या मॅडमही एकदा बसल्या, नुसती गंमत म्हणून, आणि "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर अडखळल्या. जाताना केंद्रप्रमुख माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, कार्यक्रम उत्तम झाला. फक्त फोटोत तो पिवळा कागद आलाय."

घरी जाताना मी स्कूटरवर बराच वेळ गप्प होते. हे आमच्यात उलटं झालं होतं. शेवटी मी विचारलं, "म्हणजे पोट चांगलं होतं तुमचं?"

"हं."

"मग काढा का प्यायलात इतके दिवस?"

"आई करायची."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी पुढच्या रिक्षाला वाट दिली. "तुला वाटलं असतं, तुझ्यामुळं सोडली."

"माझ्यामुळंच की!"

"हं," ते म्हणाले.

चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी मी मागचा दांडा धरून बसते. त्यांनी आरशातून एकदा पाहिलं आणि हिरवा दिवा लागल्यावरही निघायला जरा उशीर केला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सोलापुरात लाल दिव्यालाही कुणी थांबत नाही, तर हिरव्याला थांबलेल्या माणसाला कोण सोडतंय!

पतींच्या कारखान्यात दोन जागा निघाल्या होत्या. करकंबच्या मुलीला मी अर्ज कर म्हटलं, तर ती म्हणाली, "नको मॅडम. लागले तर लोक म्हणतील वशिला, आणि नाही लागले तर मी सरांना काहीतरी बोलेन." पुढच्याच महिन्यात तिला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये हिशेबाचं काम मिळालं. तिथंही मालकांनी लग्नाचं विचारलं. तिनं शांतपणे विचारलं, "सर, हे सगळ्यांना विचारता का?" मालक म्हणाले, "नाही. राहू दे. टायपिंग दाखव." हे सांगायला ती मुद्दाम वर्गावर आली आणि सांगताना शुद्ध मराठीचा पार फडशा पाडला.

पतींचं मात्र एक झालं. त्यांना वक्तेपणाची चटक लागली. पुढच्या बॅचच्या वेळी मी बोलवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुमचा तो कार्यक्रम कधी आहे?" त्यांनी रात्री जागून कॉम्प्युटरवर स्लाइड तयार केल्या. त्यात बाण होते, वर्तुळं होती, डोंगराच्या टोकावर झेंडा घेऊन उभा असलेला एक माणूसही होता. वर्गात त्यांनी एकेक स्लाइड वाचून दाखवली. मुलं जांभया द्यायला लागली. ते बाण संपेपर्यंत थांबले नाहीत.

"कसं झालं?" परत येताना त्यांनी विचारलं.

"बरं झालं."

"खरं सांग."

"पोरं झोपली अहो. टेबल-खुर्चीच बरी होती."

रात्री जेवेपर्यंत ते रुसून होते. आधी रुसले की गप्प बसायचे, म्हणून रुसलेले कळायचं नाही. आता कळतं, कारण एरवी ते बोलतात. कारखान्यातून आले की चपला काढायच्या आधी मुलाखतींच्या गोष्टी सुरू होतात. कोण आला, काय म्हणाला, कुणी कुणाची नक्कल केली. मला कधी कधी वाटतं, ते "हं" आणि "बरं" बरं होतं, स्वयंपाक तरी सुचायचा.

तो प्रश्न त्यांनी बंद केला का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आमच्या मोठ्या साहेबांना तो हवाच आहे. मग मी एक केलं. आता मुलांनाही विचारतो. लग्न झाल्यावर नोकरी चालू ठेवणार का?"

"मग? काय म्हणतात मुलं?"

"गोंधळतात. कालचा एक जण करमाळ्याचा होता. म्हणाला, आईला विचारून सांगतो. म्हटलं, विचार. त्यानं तिथंच फोन लावला. आई म्हणाली, साहेबांना दे. मला म्हणाली, लग्नाचं आमचं आमी बघू, तुमच्या तितं जेवणात भाकरी असती का न्हाई ते सांगा. त्याला चपाती चालत न्हाई."

"तुम्ही काय म्हणालात?"

"असते म्हणालो."

"असते का?"

"नव्हती," पती भाजीत मीठ घालून घेत म्हणाले. "आज कॅन्टीनवाल्याशी बोललो. सोमवारपासून करणार आहे. पोरगा सोमवारीच येतोय."